गाडी इलेक्ट्रिक, जीव मात्र इंजिनात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "नावाजलेल्या कार कंपन्यांकडे पैसा आहे, इंजिनिअर आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तरी त्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या अर्धवट का वाटतात? हे मुद्दाम चाललंय का? आणि अशी गाडी आत्ता घ्यावी की थांबावं?"

मी हाय-व्होल्टेज सिस्टिम्सच्या दुरुस्तीत आहे. त्याआधी कार कंपन्यांना माल देणाऱ्या एका पुरवठादाराकडे इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणाऱ्या भागाच्या) टेस्टिंगला होते. त्यामुळे गाडी बनताना काय ठरतं आणि चार-सहा वर्षांनी ती लिफ्टवर चढते तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, ही दोन्ही टोकं पाहिली आहेत. माझं उत्तर असं: मुद्दाम थोडंफार आहे, पण खरी अडचण वेगळी आहे. या कंपन्यांमध्ये सुटे भाग कोणाकडून घ्यायचे, सॉफ्टवेअर कोणी लिहायचं, गाडी कोणी विकायची आणि विकल्यावर कमवायचं कोणी, हे सगळं इंजिनाच्या हिशोबाने ठरलेलं आहे. इलेक्ट्रिक गाडी त्या घडीत कोंबली जाते. म्हणून सस्पेन्शन, बॉडी, रंगकाम, अपघातातली सुरक्षितता उत्तम असते, आणि जिथे कोणाच्या तरी उत्पन्नाला हात लावावा लागला असता नेमकं तिथेच गाडी कच्ची राहते.

"मुद्दाम" असलेला भाग आधी घेते, कारण तो संपवायला सोपा आहे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने नियम केला की मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. त्यातून जनरल मोटर्सची ईव्ही-१ आली. जेमतेम १,१०० च्या वर गाड्या बनल्या, सगळ्या लीजवर. कंपन्या कोर्टात गेल्या, नियम सैल झाला, आणि २००३ नंतर त्या गाड्या परत घेऊन बहुतेक चिरडल्या गेल्या. लोक विकत घ्यायला तयार होते, तरी दिल्या नाहीत. २०१४ मध्ये फियाट-क्रायस्लरचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी तर जाहीर सांगितलं की ५००-ई घेऊ नका, प्रत्येक गाडीमागे माझे १४,००० डॉलर जातात. ती गाडी अमेरिकेत फक्त कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये विकली जायची. नियमापुरती गाडी, नियम असेल तिथेच.

युरोपातला आकडा तर इतका बोलका आहे की त्यावर टिप्पणी नको. २०२० मध्ये कंपनीच्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाला किलोमीटरमागे ९५ ग्रॅमची मर्यादा लागू झाली. वरच्या प्रत्येक ग्रॅमला, प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. युरोपियन युनियनमध्ये नव्या गाड्यांतला पूर्ण इलेक्ट्रिक वाटा २०१९ मध्ये १.९ टक्के होता, तो २०२० मध्ये ५.४ टक्के झाला. नंतर मर्यादेची पुढची पायरी थेट २०२५ ला होती. २०२३ चा १४.६ टक्के वाटा २०२४ मध्ये १३.६ वर घसरला. जर्मनीने अनुदान अचानक बंद केलं हेही त्यात आहेच. पण रेनो ५ आणि सिट्रोएन ई-सी३ यांसारख्या आवाक्यातल्या गाड्या २०२५ च्या तोंडावरच बाजारात आल्या, त्याआधी नाही, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

तरी सगळं खापर लबाडीवर फोडून चालणार नाही. मनापासून चांगली गाडी करायची ठरवली तरी जुन्या कंपनीला ती जमत नाही, आणि घोडं पेंड खातं ते इथे.

इंजिनाच्या जमान्यात कार कंपनीचं मुख्य कौशल्य होतं इंजिन बनवणं आणि बाकीचं घासाघीस करून विकत घेणं. खिडकीचा मॉड्यूल (म्हणजे कंट्रोलचा डबा) एकाकडून, सीटचा दुसऱ्याकडून, ब्रेकचा तिसऱ्याकडून. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर ज्याचं त्याच्याकडे बंद. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी २०२३ मध्ये हे उघडपणे मांडलं: गाडीत दीडशेच्या आसपास मॉड्यूल, त्यांचं सॉफ्टवेअर दीडशे वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेलं, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. सीटच्या कंट्रोलमध्ये काही बदलायचं तरी पुरवठादाराची परवानगी लागते. त्यांनीच असंही सांगितलं की त्यांच्या मस्टँग माक-ई या इलेक्ट्रिक गाडीचं वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, गरजेपेक्षा १.६ किलोमीटर लांब होतं आणि त्यामुळे सुमारे ३२ किलो जास्त जड.

बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटेल. मी पुरवठादाराच्या बाजूला बसलेली असल्यामुळे मला त्यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येक डब्याचा खरेदी विभाग वेगळा, प्रत्येकाला स्वतःच्या डब्यात चार पैसे वाचवून दाखवायचे. दोन डबे एकत्र केले तर वायर वाचते, वजन वाचतं, पण ती बचत कोणाच्या खात्यात टाकायची? दोन्ही विभागांच्या टार्गेटमध्ये ती बसत नाही. मग डबे वेगळेच राहतात आणि मध्ये वायर वाढत जाते. चीनच्या बीवायडीसारखी कंपनी बॅटरीचे सेल, मोटर, इन्व्हर्टर घरातच बनवते आणि मोटर, कंट्रोलर, चार्जर, कन्व्हर्टर असे आठ भाग एका युनिटमध्ये बसवते. त्यांचे इंजिनिअर जास्त हुशार आहेत असं नाही. तिथे "हा भाग कोणाचा" हे भांडण मुळात कमी आहे, एवढंच.

फोक्सवॅगनचं उदाहरण मला जास्त टोचतं, कारण तिथे इच्छा होती. २०१५ च्या डिझेल घोटाळ्यानंतर त्यांनी प्रचंड पैसा ओतला, फक्त इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, केला. मोटर छान, बॅटरी मजबूत, आतली जागा ऐसपैस. आणि २०२० मध्ये आयडी.३ ग्राहकांच्या हातात गेली ती अपुऱ्या सॉफ्टवेअरसह. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना "काही सुविधा नंतर मिळतील" या बोलीवर गाडी घ्यावी लागली. सॉफ्टवेअरसाठी स्थापन केलेली कॅरिआड ही कंपनी इतकी रखडली की पोर्शे आणि ऑडीची मॉडेल्स लांबली, २०२२ मध्ये प्रमुख हर्बर्ट डीस यांना जावं लागलं, आणि २०२४ मध्ये फोक्सवॅगनला सॉफ्टवेअरसाठी रिव्हियन या नव्या अमेरिकन कंपनीशी अब्जावधी डॉलरचा करार करावा लागला. आडात नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

आयडी.३ मधली एक गोष्ट मी शिकाऊ मुलांना नेहमी दाखवते. ड्रायव्हरच्या दारावर चार खिडक्यांसाठी दोनच बटणं आहेत. मागची काच खाली करायची तर आधी "रिअर" लिहिलेल्या जागेला बोट लावायचं, मग तीच बटणं मागच्या काचांची होतात. परत पुढची काच हवी तर पुन्हा बोट. शिवाय तापमान आणि आवाजाच्या पट्ट्या सुरुवातीच्या गाड्यांत रात्री उजळतसुद्धा नव्हत्या. दोन बटणांचे पैसे वाचले आणि ते "भविष्यातलं डिझाइन" म्हणून विकलं गेलं. आता कंपनी खरी बटणं परत आणते आहे. काच खाली करण्याचा आणि बॅटरीवर चालण्याचा काय संबंध, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

बॅटरी थंड ठेवण्याबाबतची काटकसर मात्र गंमतीचा विषय नाही. निसान लीफ २०१० च्या डिसेंबरमध्ये आली. सामान्य माणसासाठी मोठ्या प्रमाणावर बनलेल्या पहिल्या आधुनिक इलेक्ट्रिक गाड्यांपैकी ती एक, तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण बॅटरीला द्रवाचं कूलिंग दिलं नाही. ॲरिझोनाच्या उन्हात दोन वर्षांच्या आत क्षमता घटल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली. एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं. तर २०१८ च्या सुमारास मोठ्या बॅटरीची नवी लीफ आली, तीही तशीच. लांबच्या प्रवासात दुसऱ्यांदा फास्ट चार्जिंगला लावली की बॅटरी तापलेली असायची आणि वेग निम्म्याखाली जायचा. द्रवाचं कूलिंग आलं ते २०२५ च्या तिसऱ्या पिढीत. या सगळ्या काळात हजारो लोकांच्या मनात जी समजूत घट्ट बसली, की इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी चार वर्षांत जाते, तिच्यामागे एका मॉडेलच्या काटकसरीचा वाटा फार मोठा आहे. नीट कूलिंग असलेले त्याच काळातले बॅटरी पॅक आजही माझ्याकडे तपासायला येतात आणि आकडे चांगले असतात.

आणि जिथे गाडी चांगली जमली तिथे? जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टमध्ये सेलच्या उत्पादनातल्या दोषामुळे आग लागण्याचा धोका निघाला, २०२१ मध्ये सगळ्या म्हणजे सुमारे १,४२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, सेल बनवणाऱ्या एलजीने खर्चाचा मोठा भाग उचलला. या संकटातून गाडी बाहेर आली, किंमत कमी झाली, २०२३ हे तिच्या विक्रीचं सर्वांत चांगलं वर्ष ठरलं, आणि त्याच वर्षाअखेर उत्पादन बंद! कारखाना मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपसाठी हवा होता. मधल्या काळात ओरड झाल्यावर बोल्ट परत आणायची घोषणाही झालेली. याला काय म्हणावं?

इथे बऱ्याच मोठ्या कंपन्यांची एक खोड दिसते. नफा मोठ्या गाडीत असतो, म्हणून पहिल्यांदा मोठी, जड, महाग इलेक्ट्रिक गाडी काढायची. मोठ्या गाडीला मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीने किंमत आणखी वर. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची सुरुवातीची किंमत २०२१ मध्ये ४०,००० डॉलरच्या आत जाहीर झाली होती. २०२३ च्या मार्चपर्यंत तेच मॉडेल ६०,००० ला टेकलं. आणि नंतर पत्रकार परिषदेत सांगायचं की लोकांना इलेक्ट्रिक गाड्या नकोच आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं.

चार्जिंगबद्दलची जाहिरात समजून घ्यायला हवी, कारण गिऱ्हाईक सर्वांत जास्त तिथे फसतं. पत्रकावर एकच मोठा आकडा असतो, समजा २०० किलोवॅट. तो उच्चांक असतो. बॅटरी रिकामी आणि योग्य तापमानाला असताना काही मिनिटं टिकणारा. तुमच्या कामाचं असतं ते १० ते ८० टक्के चार्ज व्हायला लागणारा वेळ. ७७ किलोवॅट-तासाच्या बॅटरीत १० ते ८० म्हणजे साधारण ५४ किलोवॅट-तास. ते ३० मिनिटांत भरले तर सरासरी १०८ किलोवॅट पडली. उच्चांक २०० असून ४० मिनिटं घेणारी गाडी आणि उच्चांक १३० असून ३० मिनिटांत उरकणारी गाडी, यांत दुसरी चांगली. त्यातून थंडीत बॅटरी आधी गरम करून घ्यावी लागते, नाहीतर वेग निम्माही मिळत नाही. ही सोय बऱ्याच गाड्यांत असते, पण ती फक्त कंपनीच्याच नॅव्हिगेशनमध्ये चार्जर शोधलात तरच चालू होते. तुम्ही फोनचा नकाशा वापरलात तर गाडीला पत्ताच नाही. एक साधं बटण द्यायला कित्येक कंपन्यांना वर्षं लागली. रेंजचंही तसंच: युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर असतो. महामार्गावर सलग १२० ने जाणाऱ्याने पत्रकातल्या आकड्यातून एक चतुर्थांश आधीच वजा करावा.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते.

इलेक्ट्रिक गाडी रस्त्यात बंद पडली की लोकांना वाटतं मोठी बॅटरी गेली. बहुतेक वेळा गेलेली असते ती छोटी १२ व्होल्टची. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (म्हणजे मोठे स्विच) जोडायला, कॉम्प्युटर जागे करायला ती लागते. ती मेली की खाली चारशे व्होल्टचा भरलेला पॅक असूनही दार उघडत नाही. इंजिनाच्या गाडीत तिला स्टार्टर फिरवावा लागायचा, म्हणून ती तशी असायची. इथे तिचं काम वेगळं, पण अनेक गाड्यांत तीच जुन्या पद्धतीची बॅटरी तशीच उचलून ठेवलेली, आणि तिला चार्ज करायचं गणितही ढिसाळ. गाडी उभी असताना फोनच्या ॲपने दहा वेळा उठवली, अपडेट शोधत बसली, की सकाळी चिडीचूप. ह्युंदाई आणि किया यांच्या ८०० व्होल्टच्या गाड्या मी तंत्राच्या दृष्टीने फार वरच्या मानते, पण त्यांनाही १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या युनिटमधल्या दोषासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत आधी दीड लाखाच्या आसपास आणि मग दोन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेत आधी दुरुस्त केलेल्याही होत्या.

दुसरा नेहमीचा पेशंट म्हणजे इन्सुलेशन फॉल्ट. एक गाडी सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे एकीपुरतं नाही. स्क्रीनवर एकच वाक्य: इलेक्ट्रिक सिस्टिममध्ये बिघाड, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. अधिकृत सेंटरने कॉम्प्युटर लावला, कोड वाचला आणि संपूर्ण बॅटरी पॅक बदलायचं एस्टिमेट दिलं. आकडा गाडीच्या उरलेल्या किमतीहून मोठा. गाडी माझ्याकडे आली. असा फॉल्ट म्हणजे हाय-व्होल्टेजच्या वायरी आणि गाडीची बॉडी यांच्यामधला रोध कमी झालाय. साधारण प्रति व्होल्ट ५०० ओहम हा धरला जाणारा मापदंड, त्याखाली गेलं की गाडी रेडी होत नाही. शोधायची पद्धत जुनीच आहे. सर्व्हिस प्लग (हाय-व्होल्टेज तोडणारा) काढायचा, व्होल्टेज शून्य झालंय याची खात्री करायची, मग मोटर, कॉम्प्रेसर, हीटर, चार्जर एकेक सोडवायचं आणि प्रत्येकाला मेगर (हा रोध मोजणारं यंत्र) लावायचा. हीटर सोडवल्यावर बाकीचं सगळं ठणठणीत. हीटरच्या आत कूलंट झिरपलं होतं. पॅकला काहीही झालेलं नव्हतं.

सेंटरमधल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दिलेल्या फ्लोचार्टमध्ये हीटर सोडवून बघा ही पायरीच नव्हती, आणि पॅकला हात लावायचं प्रशिक्षण त्या संपूर्ण सेंटरमध्ये एखाद-दुसऱ्याला असतं. पुढे आणखी मजा: नवा हीटर बसवल्यावर तो गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीचा करायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागली, आणि बाहेरच्या वर्कशॉपला ती मिळवायला हीटर बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतच बसवलेल्या, चार्जरच्या बाबतीत हे आणखी वाईट. आत एक फ्यूज किंवा रिले जळलेला असतो, पण मिळतो फक्त पूर्ण डबा. अपघातानंतर विमा कंपन्या किरकोळ ओरखड्यासाठी पॅक बाद ठरवतात, त्यामागेही हेच आहे: आतलं मॉड्यूल (सेलचा एक गट) सुटं मिळत नाही आणि पॅक ठीक आहे असं लेखी द्यायला कोणी पुढे येत नाही.

हे असं का ठेवतात, तर विक्रीनंतरचा पैसा. अमेरिकेत डीलरांच्या ढोबळ नफ्याचा जवळपास निम्मा भाग सर्व्हिस आणि सुट्या भागांतून येतो. ऑइल नाही, फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात, अशी गाडी त्याने उत्साहाने का विकावी? २०२३ च्या अखेरीस तिथल्या जवळपास ४,००० डीलरांनी इलेक्ट्रिक गाड्यांचे नियम सैल करा म्हणून राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. ब्युइक ब्रँडने डीलरांना "चार्जिंग आणि साधनांवर खर्च करा, नाहीतर पैसे घेऊन बाहेर पडा" असा पर्याय दिला, तर जवळपास निम्मे बाहेर पडले. शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी मागितल्यावर सेल्समन हळूच हायब्रिडकडे वळवतो, त्याचं कारण त्याच्या कमिशनमध्ये आहे. आणि तो बुडणारा पैसा कंपन्या वर्गणीतून भरून काढू बघतात. बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत बसवलेल्या सीट हीटरसाठी मासिक पैसे मागून पाहिले, २०२३ मध्ये गुंडाळलं. जनरल मोटर्सने त्याच वर्षी नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतून ॲपल कारप्ले (फोनची ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) काढायचं ठरवलं. यावर जास्त शाई खर्च करत नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला एकट्या २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. इंजिनाचा कारखाना चालवून त्याच पैशातून बॅटरीचा उभारायचा, हे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं आहे. नव्या कंपन्याही काही संत नाहीत. दुरुस्तीचं दार बंद ठेवण्यात त्या जुन्यांच्या पुढे आहेत. शिवाय वेगळा प्लॅटफॉर्म म्हणजे चांगली गाडी, हे समीकरणही मी मानत नाही. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय-३ साठी कार्बन फायबरपासून सगळं वेगळं केलं आणि पुढे ती वाट सोडून दिली. नंतरची आय-४ पेट्रोल गाडीच्या सांगाड्यावर आहे आणि चालवायला, चार्ज करायला उत्तम आहे.

घ्यावी की थांबावं? गाडी हवीच असेल आणि घरी किंवा कामाच्या जागी रात्रभर चार्जिंगची सोय असेल, तर थांबायचं कारण मला दिसत नाही. फक्त नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातली गाडी घेऊ नका. सॉफ्टवेअरची दुरुस्ती साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत येते, आणि त्याच सुमारास रिकॉल काय निघाले तेही कळतं. बॅटरीला द्रवाचं कूलिंग आहे का, १० ते ८० ला किती मिनिटं, बॅटरी गरम करायचं बटण हाताने दाबता येतं का, हे शोरूममध्येच विचारा. सेल्समनला माहीत नसेल तर मॅन्युअल उघडायला लावा. वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता अशी असते, पण ती क्षमता मोजणार कोण आणि कोणत्या पद्धतीने, हे कागदावर मागा. मग त्याच सेंटरच्या सर्व्हिस विभागात जा आणि एकच विचारा: तुमच्याकडे पॅक उघडून मॉड्यूल बदलणारा माणूस आहे का, की पॅक दुसरीकडे पाठवता? दुसरीकडे पाठवत असतील तर किती दिवस गाडी उभी राहते आणि तोवर दुसरी गाडी देता का, तेही लिहून घ्या. जुनी गाडी घेत असाल तर विक्रेत्याचा शब्द धरू नका. बाहेरच्या माणसाकडून बॅटरीचा आरोग्य-रिपोर्ट आणि सर्वांत कमजोर व सर्वांत सशक्त सेलच्या व्होल्टेजमधला फरक काढून घ्या, तोही बॅटरी जवळपास रिकामी असताना, कारण भरलेल्या पॅकमध्ये कमजोर सेल लपून जातो.